उचल घेऊन जिनिव्हाला: बार्टी, सारथी आणि महाज्योतीला एक खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, बार्टी, पुणे
व्यवस्थापकीय संचालक, सारथी, पुणे
व्यवस्थापकीय संचालक, महाज्योती, नागपूर

विषय: आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या कामात इंटर्नशिप करणाऱ्या पोरापोरींना राहण्या-खाण्याचे पैसे मिळण्याबाबत.

नमस्कार साहेब, मॅडम,

विषयाची ओळ बघून वाटेल की नेहमीचा अर्ज आलाय, तर तसा तो आहेच, फक्त आवक-जावकच्या टेबलावर न देता सगळ्यांसमोर टाकतेय, कारण यात माझा स्वतःचा काही फायदा राहिलेला नाही, माझी इंटर्नशिप २०२२ सालीच होऊन गेली आणि तिचं कर्जही आता फिटलंय. तुम्ही तिन्ही शासनाच्याच संस्था, पण वेगवेगळ्या समाजांसाठी आहात हे माहितीये, बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी, मी त्यातल्या एकाच यादीत बसते, पण हा प्रश्न तिन्ही याद्यांतल्या पोरांचा आहे म्हणून एकच पत्र तिघांना.

आधी माझं थोडं सांगते म्हणजे पुढचं कळेल. आईवडील ऊसतोडीला जातात, मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घेऊन, उचल म्हणजे हंगामाआधीच घेतलेले आगाऊ पैसे. जिल्हा बीड, गावाचं नाव राहू द्या. दहावीपर्यंत मी अर्धं वर्ष आजीकडे आणि काही वर्षं त्यांच्यासोबत फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या जागी, असं शिकले, मग लॉ केलं, मग शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला एलएलएम केलं, मानवी हक्क कायदा विषय घेऊन. त्या शिष्यवृत्तीचे उपकार मी आयुष्यभर मानीन, फी भरली, राहायचे पैसे मिळाले, त्यातूनच पै पै करून लाखभर रुपये मागे टाकले. पण ती डिग्रीसाठी असते, डिग्री संपली की पैसे संपले. आणि या क्षेत्रातली गंमत अशी की इथे डिग्रीने दार उघडत नाही, दार उघडतं इंटर्नशिपने.

कसं ते सांगते. यूएनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांत, सगळ्यात खालच्या पायऱ्यांवरची जी ऑफिसरची पोस्ट असते, पी-टू म्हणतात, तिला मास्टर्स असलं तरी वर दोन वर्षांचा अनुभव लागतो. तो अनुभव कुठून आणायचा याचं उत्तर सगळे एकच देतात, आधी इंटर्नशिप करा, मग ओळखी होतात, मग कुठे छोटंमोठं कॉन्ट्रॅक्ट मिळतं. आणि यूएन सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. जिनिव्हातलं मानवी हक्क उच्चायुक्तांचं ऑफिस सचिवालयातच येतं, त्यामुळे तिथेही तेच. दोन ते सहा महिने काम करायचं, तिकीट तुमचं, व्हिसा तुमचा, राहणं तुमचं, विमा पण तुमचा. आणि ही संधी शिकत असताना शेवटच्या टप्प्यात किंवा डिग्री झाल्यावर एक वर्षाच्या आतच घ्यायची, म्हणजे दोन-चार वर्षं कुठेतरी नोकरी करून पैसे साठवू आणि मग जाऊ असं म्हणायची सोयच नाही.

सगळेच फुकटे आहेत असं नाही हं. आयएलओ इंटर्नला पैसे देतं, डब्ल्यूएचओ २०२० पासून द्यायला लागलं, युनिसेफही देतं. म्हणजे कामगारांचं बघणारे देतात, आरोग्याचं बघणारे देतात, लहान मुलांचं बघणारे देतात आणि मानवी हक्कांचं बघणारे देत नाहीत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक पोरगा जिनिव्हात तळ्याकाठी तंबू ठोकून राहत होता आणि रोज सूट घालून यूएनमध्ये इंटर्नशिपला जायचा, जगभर बातमी झाली. नंतर त्यानेच सांगितलं की हे मुद्दाम केलं होतं, लोकांचं लक्ष जावं म्हणून. लोक त्याच्यावर चिडले, पण मला त्यात चिडण्यासारखं काही वाटलं नाही. तंबूत राहणं आमच्याकडे स्टंट नसतो, त्याला कोपी म्हणतात आणि त्यात सहा महिने राहतात.

तर माझं सिलेक्शन झालं ते यूएनमध्ये नाही, यूएनच्या आजूबाजूला ज्या शेकडो संस्था आहेत त्यातल्या एका छोट्या संस्थेत. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर, तीन महिने, बिनपगारी. गावाकडे फोन केला तर वडिलांचा पहिला प्रश्न, पगार किती. म्हटलं पगार नाही. मग म्हणाले, राहणं-जेवणं तरी त्यांचं आसंल. म्हटलं ते पण आपलंच. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "बाई, मग तुझा मुकादम तरी कोण हाय?"

मी खूप हसले तेव्हा.

जिनिव्हात राहणं शक्यच नव्हतं. एक फ्रँक तेव्हा ऐंशी-ब्याऐंशी रुपयांना होता आणि तिथे साधी कॉफी चार फ्रँकच्या खाली मिळत नाही, तुम्ही म्हणाल कॉफी पिऊ नका, मी पीत नव्हतेच. २०२० मध्ये जिनिव्हाच्या लोकांनी मतदान करून तासाला २३ फ्रँक किमान वेतन ठरवलं, म्हणजे तिथे झाडू मारणाऱ्या माणसालाही तासाला तेवढे मिळतात, ते योग्यच आहे, मी फक्त आमच्या टेबलावरचा हिशोब सांगतेय. तर मी सीमेपलीकडे फ्रान्समध्ये आनमास नावाच्या गावात राहिले, बरेच इंटर्न तसंच करतात, तिथून लेमान एक्सप्रेस नावाची लोकल आहे, रोज सकाळी एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जायचं आणि संध्याकाळी परत. एका खोलीत आम्ही दोघी. डब्यात ब्रेड आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी, ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. दुपारी यूएनच्या इमारतीत साइड इव्हेंट असतात, म्हणजे मुख्य सभेच्या बाजूला छोट्या चर्चा, त्यातल्या काहींच्या बाहेर सँडविच ठेवलेली असतात, आणि इंटर्न लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता ज्यावर फक्त कुठल्या खोलीबाहेर सँडविच आहेत एवढंच यायचं. छळाविरुद्धच्या चर्चेला मी दोनदा गेले ते सँडविचसाठी, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी आत बसून राहिले आणि चर्चा खरंच चांगली होती.

सगळे मिळून अडीच लाखाच्या आसपास गेले. लाखभर माझे साठवलेले, साठ हजार मावशीचं गंठण गहाण ठेवून, पन्नासेक हजार मैत्रिणींकडून हातउसने, आणि चाळीस हजार वडिलांनी पाठवले, ते कुठून आणले हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता काम काय असतं ते सांगते, कारण तुमच्या समितीत कोणीतरी विचारणारच की तिथे जाऊन पोरं करतात काय. निम्मं काम खरं सांगायचं तर हमालीचं आहे. खुर्च्या मांडणं, नावांच्या पाट्या छापणं, मीटिंगच्या नोट्स काढणं, ईमेलची यादी अपडेट करणं. उरलेलं निम्मं मात्र असं आहे की ते दुसरीकडे कुठे शिकता येत नाही. त्या वर्षी भारताचा यूपीआर होता, युनिव्हर्सल पिरिऑडिक रिव्ह्यू. दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाला बाकीच्या देशांसमोर बसून आपल्याकडच्या मानवी हक्कांचा हिशोब द्यावा लागतो. त्याआधी संस्था आपापले रिपोर्ट पाठवतात, एका संस्थेला २८१५ शब्दांची मर्यादा, एक शब्द जास्त झाला तर चालत नाही. ते रिपोर्ट मी जायच्या आधीच गेलेले होते. आमचं काम होतं त्या रिपोर्टांची दोन-दोन पानं करून वेगवेगळ्या देशांच्या दूतावासांकडे नेणं, म्हणजे त्यातला एखादा मुद्दा तो देश त्या दिवशी उचलेल. कारण संस्थांना त्या दिवशी बोलता येत नाही, फक्त मागे बसून ऐकता येतं, बोलतात ते देश.

माझ्याकडे दुसऱ्या आठवड्यात एक अकरा पानी ड्राफ्ट आला, शेतीतल्या बाई-मजुरांवरचा, त्याची दोन पानं करायची होती. त्यात महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर दीड पान होतं. आधीच्या इंटर्नने त्याच्यावर काम केलेलं होतं आणि बाजूला कमेंट टाकल्या होत्या. एका वाक्यात लिहिलं होतं की मजुरी माणशी मिळत नाही, जोडप्याला मिळते. त्या वाक्यावर लाल रेघ आणि बाजूला कमेंट: "जोडपं? टायपिंगची चूक दिसते, तपासा."

मी ती कमेंट किती वेळ बघत बसले ते आठवत नाही.

त्या पोराची काही चूक नाही. तो बेल्जियमचा, हुशार, चार भाषा येणारा, त्याला कुठून माहिती असणार की आमच्याकडे नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात, बाई गरोदर असली आणि बसून राहिली तर अर्धा कोयता, एक दिवस दांडी झाली की खाडा आणि खाड्याचे पाचशे-हजार उचलीतून कापायचे. त्याने ते वाक्य जवळजवळ काढलंच होतं. ते वाक्य गेलं असतं तर बायका गर्भाची पिशवी का काढून घेतात हे पुढच्या परिच्छेदात कुणालाच कळलं नसतं, कारण पाळीत खाडा होतो, खाडा परवडत नाही, आणि डॉक्टर सांगतो कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९ मध्ये शासनाच्या समितीनेच बीडमधल्या ८२ हजारांच्या वर ऊसतोड बायकांची पाहणी केली होती, त्यात जवळजवळ १४ हजार जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या आकड्यात माझी मावशी आहे, वय तेव्हा एकतीस, तीच जिचं गंठण गहाण होतं.

मी बॉसकडे गेले, म्हटलं ही चूक नाही, हाच मुद्दा आहे. वीस मिनिटं समजावलं, कागदावर कोयता काढून दाखवला, म्हणजे खरंच काढला, पेनाने. उचल म्हणजे काय, ती पगार का नाही, कर्ज का नाही, फिटली नाही तर पुढच्या साली त्याच मुकादमाकडे का जावं लागतं. बॉसने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की आपण याला कर्जाने बांधलेली मजुरी म्हणून मांडू, १९७६ चा भारताचाच कायदा आहे त्याच्याविरुद्ध, आणि जोडप्याचं वाक्य पहिल्या ओळीत घेऊ. घेतलं. दोन पानं झाली. मग आम्ही ती घेऊन पॅलेस ऑफ नेशन्स, म्हणजे यूएनची जिनिव्हातली मुख्य इमारत, तिथल्या सर्पंट बारमध्ये गेलो, नाव बार असलं तरी कँटीनच आहे, सगळी जगाची लॉबिंग तिथे टेबलाटेबलावर चालते, आणि एका छोट्या देशाच्या बाईने आम्हाला दहा मिनिटं दिली. तिने विचारलं हे कोयता म्हणजे काय. बॉसने माझ्याकडे बघितलं.

एवढंच. याच्यापलीकडे मी काही जग बदललं नाही. पण त्या ऑफिसात पाच इंटर्न होते आणि त्यातल्या चौघांच्या घरी महिन्याचे हजार युरो कोणी पाठवायचं हा प्रश्न नव्हता. एकाची आजीच जिनिव्हात राहायची. नैरोबीचा एक जण होता तो माझ्यासारखा, तो सहा आठवड्यांनी पैसे संपले म्हणून परत गेला, त्याचं टेबल आठवडाभर तसंच होतं, मग तिथे प्रिंटर ठेवला. त्या प्रिंटरच्या मागे भिंतीवर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पोस्टर होतं, १० डिसेंबर १९४८ चा, तीस कलमं. कलम २३ चा तिसरा भाग, जो कोणी काम करतो त्याला योग्य आणि न्याय्य मोबदला मिळण्याचा हक्क आहे, ज्यातून त्याला आणि त्याच्या कुटुंबाला माणसासारखं जगता येईल. रोज प्रिंट घेताना वाचायचे.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २४ ऑक्टोबर, घरी फोन केला तर फोन लागेना. संध्याकाळी वडिलांचा आला. कऱ्हाडकडे होते, कोपी बांधून झाली होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज. मी म्हटलं यंदा दिवाळी पण नाही केली घरी, एवढ्या लवकर निघालात? तर म्हणाले यंदा उचल जरा जास्तीची घेतली ना, मुकादम म्हणाला पहिल्या टोळीत चला. जास्तीची कशाला? गप्प. मग आईने फोन घेतला आणि विषय बदलला, तिथं थंडी किती हाय, स्वेटर घालती का.

मी त्या दिवशी दुपारी उचलीवरच्या त्या दोन पानांची फ्रेंच कॉपी तपासत होते. चाळीस हजार.

या गोष्टीचं मी काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून इथे फक्त सांगून ठेवते. बॉसला तेव्हा सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं आणि ती मला समजावत बसली असती आणि मला ते नको होतं.

१० नोव्हेंबरला भारताचा रिव्ह्यू झाला. आपल्याकडून सॉलिसिटर जनरल आले होते. सव्वाशेच्या वर देश बोलले, एकेकाला मिनिटभर वेळ, घड्याळ संपलं की माइक बंद, शेवटी ३३९ शिफारशी झाल्या. ऊसतोड हा शब्द मी तरी ऐकला नाही आणि ऐकेन अशी अपेक्षाही नव्हती. बाहेर आलो तर बीझ सुटला होता, तळ्यावरून येणारा गार वारा, तो असा की डोळ्यातून पाणीच येतं, आणि समोर चौकात ती तीन पायांची मोडकी खुर्ची, बारा मीटर उंच, १९९७ साली उभी केलेली, भूसुरुंगांच्या विरोधात. शाळेच्या सहली तिच्यासमोर फोटो काढतात. मीही काढला, घरी पाठवला, आईने विचारलं एवढी मोठी खुर्ची मोडली कशी.

आता तुमच्याकडे येते.

तुम्ही पीएचडीला फेलोशिप देता, यूपीएससीच्या क्लाससाठी पोरं दिल्लीला पाठवता आणि तिथे राहायला महिन्याला पैसे देता. म्हणजे डिग्रीशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी, परक्या शहरात राहायचे पैसे देणं तुम्हाला नवीन नाही. मी तेवढंच मागतेय, फक्त शहर वेगळं. जिनिव्हाच पाहिजे असंही नाही. हेग आहे, जिथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. बँकॉक आहे, तिथे यूएनची केवढी तरी ऑफिसं आहेत आणि राहायचा खर्च पुण्याच्या थोडा वरच जाईल. काठमांडूत दक्षिण आशियावर काम करणाऱ्या संस्था आहेत. दिल्लीला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची हिवाळी-उन्हाळी इंटर्नशिप असते, तिथे मानधन मिळतं, ती तर आपल्या पोरांना माहितीच नसते, ती माहिती करून द्यायला तर पैसेसुद्धा लागत नाहीत.

वर्षाला वीस-पंचवीस जण घ्या, तिघांचे मिळून. तीन ते सहा महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च, विमा, येण्या-जाण्याचं तिकीट. आणि हात जोडून एक सांगते, पैसे आधी द्या. बिलं जमा करा मग परतावा मिळेल ही पद्धत ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याच्यासाठी असते. ऑफर लेटर आल्यापासून जॉइन व्हायला बऱ्याचदा दीड-दोन महिनेच हातात असतात, त्यात व्हिसाही काढायचा (व्हिसाचं लिहीत नाही, ती वेगळी कादंबरी आहे), त्यामुळे वर्षातून एकदा जाहिरात, मग छाननी, मग मुलाखत, मग यादी, मग सुधारित यादी असं केलं तर ऑफर शिळी होईल. वर्षभर अर्ज घ्या आणि पंधरा दिवसांत हो की नाही सांगा. जगातल्या पहिल्या दोनशेतली युनिव्हर्सिटी वगैरे अटी इथे लावू नका, संस्थांची तशी रँकिंग नसते. बाँड लिहून घेऊ नका. त्यापेक्षा परत आल्यावर त्या पोरीकडून मराठीत वीस पानं लिहून घ्या, तिथे काय बघितलं, कुठलं दार कसं उघडतं, आणि ती तुमच्या वेबसाइटवर टाका म्हणजे पुढच्याला उपयोगी.

तुम्ही विचाराल, यूएनचं फुकटचं काम महाराष्ट्र शासनाच्या पैशाने का चालवायचं, हा खर्च खरं तर त्यांचा आहे. अगदी बरोबर आहे आणि मला या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देता येत नाही. त्यांनी द्यायलाच पाहिजेत. त्यांना जमतं हेही सिद्ध झालंय, कारण त्याच मानवी हक्क ऑफिसात १९९७ पासून जगभरच्या आदिवासी समाजातल्या लोकांसाठी आणि २००५ पासून अल्पसंख्याक समाजांसाठी फेलोशिप आहे, तिकीट देतात, राहायचे पैसे देतात. पण त्या जागा मूठभर. ते नियम बदलायला न्यूयॉर्कला सगळ्या देशांनी मिळून ठरवावं लागतं आणि मी न्यूयॉर्कला पत्र लिहिलं तर ते कुठल्या टोपलीत जाईल ते आपल्या सगळ्यांना माहितीये. तोवर आमच्या पोरींनी थांबायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे. जे पैसे शासनाने दिले नाहीत ते कोणी ना कोणी देतंच, माझ्या केसमध्ये मुकादमाने दिले.

दुसरं असं म्हणतील की पोरं तिकडेच राहतील. काही राहतील. राहू द्या की, तिथे ड्राफ्टवर लाल रेघ मारणारं एक तरी माणूस आपलं पाहिजे. मी परत आले, खंडपीठात एका वकिलाकडे ज्युनियर आहे, आणि सांगते, बिनपगारी राबवून घ्यायचं आपण काही जिनिव्हाकडून शिकलो नाही. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की ज्युनियरला शहरात वीस हजार आणि खेड्यात पंधरा हजार तरी द्या, सक्ती नाही, नुसती शिफारस. कोर्टाच्या बाररूममध्ये ते सर्क्युलर वाचून जो हशा झाला तो मी ऐकलाय.

आणि तिसरं, जे उघड कोणी म्हणणार नाही पण मनात असतं, की हे इंटर्नशिप वगैरे करून काय होणार. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत पीएचडीवाल्यांबद्दल विचारलं गेलंच होतं, काय दिवे लावणार म्हणून. त्यावर मी भांडत नाही. फक्त बार्टीच्या साहेबांना एक आठवण करून देते. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या विचारवंताला, पत्र लिहिलं होतं. तिकडच्या काळ्या लोकांनी यूएनकडे निवेदन दिल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, म्हणून लिहिलं की भारतातले अस्पृश्यही तसंच करायच्या विचारात आहेत, तर त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळवून पाठवता का. यूएन तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. बाबासाहेबांना तिथला फॉरमॅट बघायचा होता, साहेब. निवेदन कसं लिहितात, कुणाला देतात, हेच. २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत आपले कार्यकर्ते जातीचा मुद्दा घेऊन गेले तेव्हा आपलंच सरकार विरोधात उभं होतं, तरी ते गेले, आणि तिथे उभं राहून बोलायला जे लागतं ते त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. आज ते शिकता येतं. तीन महिने लागतात आणि अडीच लाख, आता जास्त लागत असतील, युरो वाढलाय.

माझ्या गावातली एक मुलगी आत्ता लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला बँकॉकला अर्ज करायचाय, माझ्याकडून सीव्ही बघून घेतला, चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला. सिलेक्शन झालं तर पैशाचं काय करायचं असं तिने विचारलं तर मी म्हटलं बघू. तिचेही आईवडील फडावर जातात.

तर काय ठरतंय ते कळवा, हो असेल तरी आणि नाही असेल तरी. आणि योजना काढणारच असाल तर जीआर पोळ्याच्या आधी काढा, कारण पोळ्यापर्यंत मुकादम गावात येऊन उचल वाटून जातात.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक माजी इंटर्न